सुंदर कोलेस्टेरॉलचा माणूस

आमचे घरमालक कुणाला भेटले की नमस्कार करायचे नाहीत, हॅलोही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "हसा." समोरचा माणूस गोंधळून हसला की म्हणायचे, "आता डोळे मिटा, दोन्ही हात पुढे करून वर उचला." त्याने हात उचलले की मान तिरकी करून बघायचे, भिंतीवर फोटो सरळ लागलाय का बघतात तसं. मग म्हणायचे, "बोला." काय बोलायचं तेही त्यांनीच ठरवून दिलेलं असायचं. ओळखीच्या प्रत्येक माणसाला एकेक वाक्य होतं. माझं वाक्य होतं, "मला चहात साखर कमी लागते."

हे धडधडीत खोटं आहे. मी तसं त्यांना सांगितलंही. म्हणाले, "वहिनी, खरं नसलं तरी चालेल. स्पष्ट पाहिजे."

सिडनीत वेस्टमीडला त्यांच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे परसातल्या छोट्या घरात, आम्ही दोघं राहायला गेलो. माझ्या यजमानांना ते दादा म्हणायचे, म्हणून मी वहिनी. पुढे हे गेले. मुलगा म्हणाला, आई, कॅसल हिलला ये, एवढं मोठं घर आहे. जाऊन बघितलं पंधरवडाभर. घर मोठं आहे खरं, पण सकाळी सगळे मेट्रोने पळाले की त्या घरात बोलायला फक्त डिशवॉशर. मी परत आले ती इथेच राहिले. इथे निदान सकाळी उठल्याबरोबर कुणीतरी हात वर करायला सांगणारं होतं.

सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर होते पण औषध देणारे नव्हते, पुस्तकं शिकून झालेले. जवळच्याच एका लॅबमध्ये रक्तावर काम करायचे. तरी आमच्या मराठी मंडळात प्रत्येकजण त्यांना गुडघे दाखवायचा. ते म्हणायचे, "गुडघ्यातलं मला काही कळत नाही. तुमचं रक्त कसंय ते सांगा."

माणूस वसईचा, ख्रिश्चन. रविवारी न चुकता चर्चमध्ये मासला जाणार आणि तिथून येताना फादरांनाही हात वर करायला लावणार. त्यांची बायको फिलो, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. फार मिश्किल बाई. ती म्हणायची, "वहिनी, लग्नात माझ्या पप्पांनी हात मिळवायला पुढे केला, तर हा म्हणतो, दुसराही करा. पप्पांना वाटलं, जावई हुंडा मागतोय."

डॉक्टरांचं सगळं आयुष्य एका एन्झाइमच्या मागे गेलं. मी दहावीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं काय कळणार. पण एकदा मी शेंगदाण्याचं तेल वास घेऊन ओतून देत होते, तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "खवट झालं ना? रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉलही असंच खवट होतं, वहिनी. मग ते रक्ताच्या नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. डोक्याकडची नळी तुंबली की स्ट्रोक. आणि माझं एन्झाइम आहे ना, ते चांगल्या कोलेस्टेरॉलच्या पाठीवर बसून हिंडतं आणि ते खवट होऊ देत नाही."

मी म्हटलं, "मग चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर असलं की झालं."

"नाही. इथेच सगळे फसतात. ऑफिसात माणसं किती आहेत, हा झाला कोलेस्टेरॉलचा आकडा. त्यातली किती माणसं काम करतात, ही झाली एन्झाइमची अॅक्टिव्हिटी. माझा भर कामावर."

"म्हणजे कामचुकार एन्झाइम असलं की स्ट्रोक येतो?"

यावर ते कधीच हो म्हणायचे नाहीत. बोट वर करायचे आणि म्हणायचे, "दिसतंय तसं. पण पक्कं नाही." हे त्यांचं दुसरं पेटंट वाक्य. पावसाचं विचारा, इलेक्शनचं विचारा, फिलोने केलेली बांगड्याची आमटी कशी झालीय विचारा. चांगली दिसतेय, पण पक्कं नाही. त्या आमटीच्या दिवशी त्यांना टोस्ट खावा लागला होता.

लॅबमध्ये मशीन नीट चालतंय का हे तपासायला ते स्वतःचंच रक्त लावायचे. त्यामुळे स्वतःच्या रक्ताची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. कोलेस्टेरॉल एखाद्या पोरासारखं. एन्झाइम तर असं कामसू की त्याला सुट्टी द्यावी. याचा त्यांना इतका अभिमान होता की लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे ते मोबाइलवर आपले रिपोर्ट दाखवायचे. फिलो म्हणायची, "दुसऱ्या बायकांना सवतीचं भय असतं. मला एन्झाइमचं."

मग त्यांच्या लॅबला आपल्याकडच्या वयस्क माणसांचं रक्त हवं झालं. डॉक्टर मंडळात येऊन उभे राहिले, सगळ्यांना आधी हसवलं, हात वर करवले आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी या. उपाशीपोटी या." सह्या झाल्या, सगळं रीतसर. आम्ही बायका खूश, कारण त्या शनिवारी नेमकी संकष्टी होती. उपास होताच, त्यातच हेही काम उरकेल.

पण सुई टोचायची म्हणजे चक्कर यायची भीती. म्हणून निघण्याआधी सगळ्यांनी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. थोडी म्हणजे आपली असते तेवढी. दाण्याचं कूट सढळ, वरून तूप. मी जरा जास्तच खाल्ली, कारण मला दोन बटाटे संपवायचे होते. रक्त घेणारी मुलगी इथलीच, सोनेरी केसांची, फार गोड. तिने प्रत्येकीला विचारलं, "फास्टिंग?" आम्ही अभिमानाने म्हटलं, "येस येस, फुल डे." एका काकूंनी तर तिला गणपतीची गोष्टही सांगितली.

संध्याकाळी डॉक्टर माझ्या दारात आले. हसा म्हणाले नाहीत, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं झालंय.

"वहिनी, रक्त मशीनमध्ये फिरवल्यावर वर जे पाणी सुटतं ते पिवळसर आणि नितळ असायला पाहिजे. तुम्हा लोकांच्या नळ्यांमध्ये ताक आहे, ताक. मी सगळी मशिनं बंद करून पुन्हा चालू केली. नवीन नळ्या काढल्या. मला वाटलं, सिडनीतल्या मराठी माणसांना कुठला तरी नवीन रोग झालाय. खरं सांगा, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही हो. उपास होता."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. खिचडी खाल्ली फक्त."

डॉक्टर माझ्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझी चूक आहे. वसईला आमच्या शेजारी कुलकर्णी राहायचे. चतुर्थीला त्यांच्याकडची खिचडी मी वाटी घेऊन मागून खायचो. सगळं माहीत असून मला सुचलं नाही."

मी म्हटलं, "तुमच्या लेंटच्या उपासात मटण चालत नाही आणि पापलेट चालतं, तेव्हा आम्ही काही बोलतो का?"

पुढच्या शनिवारच्या आधी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "साबुदाणा नाही. भगर नाही. शेंगदाणा नाही. राजगिऱ्याचा लाडू नाही. दूध नाही, केळं नाही, खजूर नाही. पाणी प्या. देव रागावला तर माझं नाव सांगा."

रक्त झालं, आणि मग नवीन छळ सुरू झाला. प्रत्येकाला आपलं एन्झाइम कसं आहे ते हवं होतं. कोलेस्टेरॉलचा कागद घरी आला, पण एन्झाइमचं कुणालाच सांगायचं नाही असा नियम. डॉक्टर म्हणायचे, "नळीवर नाव नसतं हो, नुसता नंबर असतो. मलाच माहीत नाही." कुणाचा विश्वास बसेना. त्याच सुमाराला त्यांच्या परसातलं लिंबाचं झाड लगडलं होतं, आणि डॉक्टर पिशवीत घालून सगळ्यांना लिंबं वाटत फिरायचे. कुणी कसं काढलं देव जाणे, पण मंडळात ठरून गेलं की लिंबं एन्झाइमच्या हिशोबाने मिळतात. ज्यांना पिशवीभर मिळाली ते ऐटीत चालायला लागले. त्या गणपतीच्या गोष्टीवाल्या काकूंना दोनच लिंबं मिळाली, तीही बारकी. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तळलेलं सोडलं आणि नवऱ्याला घेऊन पारामाटा पार्कात चालायला जायला लागल्या. अजून जातात. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की फिलोने त्यांना हात वर करायला लावले.

मला भरपूर लिंबं मिळायची, कारण मी झाडाखालीच राहायचे. पण माझ्याही डोक्यात ते एन्झाइमचं खूळ शिरलं होतं. माझं कोलेस्टेरॉल जास्त निघालं होतं आणि जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, गोळी दिली होती. मी सहज म्हटलं, "डॉक्टर, एन्झाइम चांगलं असेल तर गोळी कशाला?" एवढा हसरा माणूस, पण असा कडक आवाज मी त्यांचा पूर्वी ऐकला नव्हता.

"एन्झाइम माझ्या अभ्यासाला आहे. गोळी तुमच्या जीवाला आहे. गोळी बंद केलीत तर घरभाडं वाढवीन."

याच्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, लिंबं तोडताना, पाठमोरं उभं राहून. त्यांच्या आईला स्ट्रोक आला होता. घरात कुणाचं तरी लग्न, अंगणात मांडव, सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं. आई आतून आली आणि काहीतरी वेडंवाकडं बोलली. तोंड जरा तिरकं करून. ती मोठी नकलाकार होती म्हणे. "सगळ्यांना वाटलं, व्याह्यांची नक्कल करतेय. सगळे हसले, वहिनी. मीपण हसलो. तिने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, आम्ही पुन्हा हसलो." मग तिला बरं वाटत नाहीसं दिसल्यावर लिंबूपाणी देऊन आडवं केलं. नंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण बोलली नाही.

एवढं सांगून त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाले, "हसा." मी हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्या त्या कवायतीचा कधी कंटाळा केला नाही. माझ्या लक्षात आलं होतं की हा माणूस प्रत्येकाच्या तोंडाकडे का बघतो. आपल्या ओळखीतलं कुणी पुन्हा हसण्यावारी जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आमच्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा सकाळी लाल झाकणाच्या बिनांचा, म्हणजे कचऱ्याच्या डब्यांचा, ट्रक येतो. ट्रकवाला भला दांडगा माणूस, हातभर गोंदलेलं. डॉक्टर त्या दिवशी मुद्दाम फाटकाशी उभे राहायचे. ट्रक थांबला की हे खालून ओरडणार, "स्माइल, मेट." तो हसायचा. दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून वर करायचा, आणि खालून डॉक्टरही करायचे. मग त्याचं वाक्य म्हणायचा, जे डॉक्टरांनी त्याला मराठीत शिकवलं होतं: "कचरा ओला, कचरा सुका." आणि मग "नो वरीज, बॉस" म्हणून ट्रक पुढे न्यायचा.

त्या दिवशीही हे सगळं झालेलं मी माझ्या खिडकीतून पाहिलं. मग मी कपडे वाळत घालायला बाहेर आले. डॉक्टर लिंबाच्या झाडाला हात टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "मॉर्निंग."

बस. एवढंच. पुढे काही नाही.

मी उशीचा अभ्रा हातात घेऊन थांबले. म्हटलं, आता म्हणतील हसा. म्हणेनात. मीच जवळ गेले.

"डॉक्टर, हसा बरं."

ते हसले. अर्धंच. एक बाजू हसली आणि दुसरी बाजू तशीच राहिली, जशी काही तिला विनोद कळलाच नव्हता.

"हात वर करा."

"झोपेत हातावर वजन पडलं," असं काहीतरी ते म्हणाले. जीभ जड.

"हात वर करा म्हणते ना."

उजवा वर गेला. डावा थोडा उचलला आणि हळूहळू खाली आला, पंक्चर झाल्यासारखा. ते त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसे.

"बोला. तुमचं वाक्य बोला."

त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, "वसईच्या सुकेळीची सर कशालाच नाही." सुकेळी म्हणजे त्यांच्याकडची वाळवलेली केळी. त्या दिवशी त्या केळ्यांचा पार लगदा झाला. एक शब्द ओळखू येईना. आणि तशा त्या जिभेने हा माणूस माझ्याशी वाद घालायला लागला. मला ते शब्द लागायला वेळ लागला, पण लागले. म्हणत होते, "मला स्ट्रोक नाही येणार. माझं कोलेस्टेरॉल बघितलंय तुम्ही."

मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "तुमचं कोलेस्टेरॉल ठेवा खिशात. गप्प बसा आता." आणि अॅम्ब्युलन्ससाठी ट्रिपल झीरो लावला. माझं इंग्रजी टीव्ही बघून शिकलेलं, एरवी बँकेत फोन करायचा तरी मी नातीला बसवते. पण त्या दिवशी एकही शब्द अडला नाही. त्यांना पाणी हवं होतं, खुणेने मागत होते. फिलोने मला पूर्वीच बजावलं होतं की अशा वेळी तोंडात काही घालायचं नाही. लिंबाच्या झाडाखाली बसून मी त्यांना पाणी नाही म्हटलं.

अॅम्ब्युलन्समधून एक तरुण मुलगी उतरली. ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "गिव्ह मी अ बिग स्माइल, डार्लिंग." मग हात. मग बोलणं. आणि आमचे डॉक्टर, अर्धं तोंड वाकडं, उजव्या हाताने तिला खुणावतायत की हात उचलायला सांगताना डोळे मिटायला सांग, नाहीतर टेस्ट नीट होत नाही.

तिने मला विचारलं, हे शेवटचे ठीक कधी होते. मी म्हटलं, लाल बिनचा ट्रक आला तेव्हा शंभर टक्के ठीक होते. ती बघतच राहिली. मी म्हटलं, "ट्रक ड्रायव्हर अँड ही, बोथ पास." मग तिला ती कवायत समजावून सांगितली. ट्रक नेहमीच्या वेळेलाच आला होता, त्यामुळे वेळ चोख सांगता आली. पुढे हॉस्पिटलातले म्हणाले की गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं तर ही वेळ कळणं फार महत्त्वाचं असतं.

फिलो त्या दिवशी शिफ्टला तिथेच होती. युनिफॉर्ममध्येच धावत आली. औषध दिलं, मशिनं लागली. आम्ही दोघी बाहेर बसलो. फिलो म्हणाली, "वहिनी, त्याचं बोलणं जायला नको. बाकी काही गेलं तरी चालेल. आईसारखं नको." मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी आत गेलो तर डॉक्टर उशीला टेकून बसलेले. तोंड अजून जरा कललेलं. फिलोने वाकून विचारलं, "बोल ना काहीतरी."

त्यांनी ओठ जुळवले. सावकाश, एकेक अक्षर निवडून ते बोलले.

"लिपिड रिपोर्ट आला का?"

फिलो हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आला. सुंदर आहे. सगळ्या वॉर्डात तुझ्याइतकं सुंदर कोलेस्टेरॉल घेऊन आडवं पडलेलं कुणी नाही."

खरं कारण निघालं भलतंच. त्यांच्या हृदयाचे ठोके मधूनच अनियमित पडायचे. त्यात तिथे गुठळी झाली आणि वर मेंदूत गेली. जिथे ते आयुष्यभर राखण करत बसले होते त्या दारातून चोर आलाच नाही, मागच्या खिडकीतून आला. मला वाटलं, ऐकून खचतील. पण त्यांचा चेहरा उजळला. अर्धा का होईना.

"म्हणजे माझं एन्झाइम निर्दोष आहे," ते म्हणाले.

"पक्कं?" मी विचारलं.

त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. "दिसतंय तसं."

हात सुधारला, बोलणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं. फक्त दमले की सुकेळी जरा घसरते. नंतर त्यांनी लॅब सोडली आणि दोघं टूवूंबाला मुलीकडे राहायला गेले. तिथे म्हणे सगळीकडे गाडीने जावं लागतं आणि डॉक्टरांना काही दिवस गाडी चालवायला बंदी आहे, त्यामुळे शेजाऱ्यांच्या कुंपणाशी उभं राहून ते एकेका शेतकऱ्याला हात वर करायला लावतात. इथलं घर रिकामं आहे. लिंबं आता मी वाटते. सगळ्यांना मोजून सारखी देते, उगाच कुणाच्या जीवाला घोर नको.

ते गेल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला लाल बिनचा ट्रक आला तेव्हा मी कपडे घेऊन बाहेरच होते. ट्रक फाटकाशी थांबला. ट्रकवाल्याने रिकाम्या घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि न सांगता हसला. दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून वर केले. म्हणाला, "कचरा ओला, कचरा सुका."

मीपण हात वर केले, ओल्या चादरीसकट.

मग आत येऊन लगेच टूवूंबाला फोन लावला. सगळं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "डावा हात?"

"उजव्याइतकाच."

"थरथरला?"

"नाही हो. ठणठणीत आहे."

ते म्हणाले, "बरं. आता तुम्ही. हसा."

"हसतेच आहे."

"फोनवर कसं दिसणार, वहिनी? व्हिडिओ लावा."